एक मिनिट बावन्न सेकंद

बळवंतरावांनी हेडफोन कानांवर चढवले, डोळे मिटले आणि बोटाने खूण केली. समोर बसलेल्या तमाराने लॅपटॉपची कळ दाबली.

आधी पंखा ऐकू आला. छताचा पंखा, दर तिसऱ्या फेरीला किंचित घासणारा. मग एका पुरुषाचा आवाज. शांत, जरा जाडसर, घरातल्या मोठ्या माणसासारखा. तो आपलं नाव सांगत होता. बळवंतरावांचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवरून दाबत दाबत पुढे सरकला, एखादी बारीक चिकटपट्टी बसवावी तसा. दोन शब्दांनंतर पुन्हा. तिसऱ्यांदा सरकला तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

एक मिनिट बावन्न सेकंदांनी आवाज थांबला. त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"पुन्हा लावू?" तमाराने विचारलं.

"नको."

ती इंग्रजीत बोलत होती, तेही इंग्रजीत उत्तर देत होते. पस्तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, पायात घरच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता. सकाळी सहाला टोरोंटोहून निघाली होती. किचनरपाशी बर्फ लागला म्हणून विंडसरला पोहोचायला साडेपाच तास लागले, हे तिने आल्या आल्या सांगितलं होतं. त्यापलीकडे हवापाण्याच्या गप्पा तिने मारल्या नव्हत्या.

"दोन लॅबना दाखवलं," ती म्हणाली. "दोघांचं म्हणणं एकच आहे. मागचा पंखा कुठेही तुटत नाही. फीत कापून जोडली असती तर पंखा तुटला असता. म्हणजे रेकॉर्डिंग सलग आहे."

"बरोबर आहे त्यांचं."

"पण तुम्ही त्या रेडिओ केंद्रात होतात, मिस्टर पाटणकर. अकरा वर्षं."

"मेंटेनन्सला. मशिनं बिघडली की दुरुस्त करायची. कुठल्या मशिनवर काय रेकॉर्ड होतं याच्याशी माझा संबंध नसायचा."

हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी म्हटलं होतं की ते आता एका दमात बाहेर पडायचं. कॅनडाच्या फॉर्मवरही तेच होतं. परकीय सरकारची नोकरी: नाही. खासगी कंत्राटदाराकडे देखभालीचं काम: होय.

तमाराला ते सापडले ते सुनेच्या कौतुकामुळे. बेसमेंटमध्ये त्यांनी दोन कॅसेट डेक आणि एक जुनं रिळांचं मशिन मांडलं होतं. मराठी मंडळातले लोक माळ्यावरच्या कॅसेट आणून द्यायचे. कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कुणाच्या गेलेल्या वडिलांची भजनं. बळवंतराव खरखर काढून सगळं पेन ड्राइव्हवर घालून द्यायचे. मुलाची, चिरागची, बायको देवयानी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होती. कुठलंही काम नीट दाखवलं पाहिजे असं तिचं मत. तिने सासऱ्यांचं एक वेबपेज केलं. त्यावर लिहिलं, छत्तीस वर्षं रेडिओत, पैकी अकरा परदेशी राष्ट्रीय केंद्रावर. आणि हौसेने त्या देशाचं नावही लिहिलं. बळवंतरावांनी ते पेज कधी उघडून पाहिलं नव्हतं. गेल्या रविवारी तमाराची ईमेल आली तेव्हा त्यांच्या पत्नी प्रभाताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "कोणी सांगितलं होतं हिला एवढं लिहायला?"

"तुम्हाला माझे वडील माहीत असतील," तमारा म्हणाली.

"रविवारकाका."

"हो."

ते नाव त्या देशात सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी सकाळी नऊला मुलांचा कार्यक्रम असायचा. तमाराचे वडील रोमान गोष्ट सांगायचे, मग मुलांची आलेली पत्रं वाचायचे. रस्ते ओस पडायचे. १९९४ च्या मे महिन्यात कार्यक्रम बंद झाला. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला त्याच वेळेला, नऊ वाजता, तोच आवाज पुन्हा लागला. मी मुलांच्या गोष्टींतून शत्रूला निरोप देत होतो, असं तो म्हणाला. मला मदत करणाऱ्यांची नावं सांगतो, म्हणाला, आणि पाच नावं घेतली. आठवड्याच्या आत पाचही जणांना गोळ्या घातल्या. त्यातला एक तमाराचा मामा होता.

"आता ते सहावीच्या पुस्तकात आहे," तमारा म्हणाली. "तुम्ही होतात तेव्हा नसेल."

"नव्हतं."

"दर नऊ ऑक्टोबरला आधी रेडिओवर लागतं, मग मुलं मैदानावर पाठ म्हणून दाखवतात. मी सहावीत असताना बाईंनी मला पुढे उभं केलं. म्हणाल्या, हिच्या रक्तातच तो आवाज आहे. माझा पहिला नंबर आला."

बळवंतरावांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"सगळं पाठ करायचं?"

"थांबण्याच्या जागांसकट. 'देशाची' या शब्दानंतर थांबायचं. बाई टेबलावर छडी आपटून मोजायच्या. एक, दोन. मग 'क्षमा'."

ती जागा बळवंतरावांना माहीत होती. तिथे 'क्षमा' हा शब्द हव्या त्या सुरातला मिळालाच नव्हता. जो मिळाला तो अंमळ वरच्या पट्टीत होता. म्हणून मध्ये दोन सेकंद नुसता पंखा सोडावा लागला, ऐकणारा आधीचा सूर विसरावा एवढ्यासाठी. ते दोन सेकंद एका देशाची मुलं इतकी वर्षं मोजत होती.

जिन्यावर पावलं वाजली. प्रभाताई ट्रे घेऊन खाली आल्या. तमाराकडे बघून त्या छान हसल्या आणि कप तिच्यासमोर ठेवता ठेवता मराठीत म्हणाल्या, "साखर घालूनच आणलाय. आणि तुम्ही काही बोलू नका. जुनी फीत आहे, कळत नाही म्हणा आणि वाटेला लावा."

"मी काय बोलणारे?"

"ओळखून आहे मी तुम्हाला. कोणी कामाची तारीफ केली की सुटता." त्यांचं हसू तसंच होतं. "वर तिची आई बसलीय दाराशी, बूट काढायच्या बाकावर. कोटसुद्धा काढत नाहीये. मी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलले तर रडायला लागली. ती काय खाली यायची नाही. आयुष्यात एकदाही ते ऐकलं नाही म्हणते, रेडिओवर लागलं की अंगणात जाऊन उभी राहायची. अशांच्या नादी लागू नये. चिरागचे इथले कागद तुमच्याच फॉर्मवर झालेत, एवढं लक्षात ठेवा."

तमाराने विचारलं, "काय म्हणताहेत?"

"गरम असताना घ्या म्हणतेय," बळवंतराव म्हणाले.

प्रभाताई वर गेल्या. तमाराने एक घोट घेतला आणि कप दूर सरकवला.

"मी आत्ताच का आले ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या लोकांच्या एका वेबसाइटने लिहिलं, त्या वर्षीचे सगळे कबुलीजबाब बनावट होते. पुरावा काही दिला नाही. पण आईने ते वाचलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. लॅबवर तिचा विश्वास नाही. म्हणते, इथल्या पोरांना तिथलं काय कळणार. तिथल्या माणसाला विचार."

"मी सांगितलं ना, मी मेंटेनन्सला होतो."

"दुसऱ्या लॅबमधला माणूसही तेच म्हणाला." तिने लॅपटॉप अर्धवट मिटला. "तो म्हणाला, यात जोड असेलच तर तो लावणारा माणूस असामान्य असला पाहिजे. आणि तिथे त्या काळात असा कोणी असणं शक्य नाही. तिथले लोक नुसते बटणं दाबणारे होते."

बळवंतरावांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला, बशी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे टेबलाच्या कडेला समांतर केला.

"चौतीस," ते म्हणाले.

"काय?"

"चौतीस जोड आहेत. उघडा ते."

तिने लॅपटॉप उघडला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"हा पहिला. 'मी' वेगळा, नाव वेगळं. 'मी' कोल्ह्याच्या गोष्टीतला आहे. इथे दुसरा. 'दिली' हा शब्द म्हातारीने भाकरी दिली, त्यातला. इथे बघा, इथे तिसरा आणि चौथा अर्ध्या सेकंदात आहेत. हा शब्दच दोन तुकड्यांचा आहे. फीत तिरकी कापायची, पंचेचाळीस अंशांत. सरळ कापली की टक् असा आवाज येतो."

"आणि पंखा?"

"पंखा नंतरचा." त्यांचा आवाज किंचित वर गेला. "आधी आवाज जोडून घेतला. अर्थातच मागची खोली प्रत्येक तुकड्यात वेगळी ऐकू येत होती. मग तीन नंबरच्या स्टुडिओत पंखा लावला आणि नुसता पंखा वीस मिनिटं रेकॉर्ड केला. तो पंखा घासायचा. मुद्दाम तोच घेतला. एकदा सगळ्याच्या खाली तो सलग घातला की माणसाचा कान पंख्याला धरून राहतो. पंखा तुटत नाही म्हणजे काहीच तुटलं नाही असं त्याला वाटतं. तुमच्या लॅबलाही तेच वाटलं."

तमारा पडद्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होती.

"नावं?" तिने विचारलं.

"नावं मुलांच्या पत्रांतली. अमुक गावाहून अमुक लिहितो, असं ते वाचायचे ना? ती साधीच नावं होती, प्रत्येक गावात असतात तशी. चार लगेच मिळाली. पाचव्यासाठी मला एकोणतीस कार्यक्रम ऐकावे लागले."

"पाचवं कुठलं?"

त्यांनी सांगितलं. ते तिच्या मामाचं होतं.

"तीन दिवस लागले," बळवंतराव म्हणाले. "फीत मी लावली. मजकूर टाइप होऊन आला होता. मी फक्त जोडलं." जरा वेळाने त्यांनी चष्मा खाली घेतला. "हे मी कुठल्या कोर्टात सांगणार नाही. कुठे लिहूनही देणार नाही. पण तुम्हाला माहीत असावं. तुमच्या वडिलांनी कोणाचंही नाव घेतलं नाही. एकाचंही नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांना हलकं वाटत होतं. एकतीस वर्षांत हे काम त्यांनी कोणालाही दाखवलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलून तिच्या हाताशी ठेवला.

तमाराने डब्याला हात लावला नाही.

"सगळे तुकडे जुन्या कार्यक्रमांतले?"

"हो."

"सगळे? त्या ऑक्टोबरातला एकही नाही? सप्टेंबरातला? ऑगस्टमधला?"

"एकही नाही. मला एकेचाळीस रिळं दिली होती, रविवारची. तेवढ्यातून केलं."

"तपासातलं काही नव्हतं?"

बळवंतरावांनी गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"एक रीळ होतं. खोक्यावर दोन जून लिहिलेलं. ते वापरण्यासारखं नव्हतं."

"म्हणजे?"

"लेव्हल फार कमी होती." ती त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा ते पुढे म्हणाले, "शब्द स्पष्ट नव्हते. दात नसले की काही अक्षरं नीट येत नाहीत."

वर कुठेतरी देवयानी मीटिंगमध्ये हसली. हीटरची हवा सुरू झाली आणि कॅसेटवरच्या कागदी चिठ्ठ्या हलल्या.

"तुम्ही त्यांना विचारलं नाही?" तमारा म्हणाली. "की यापेक्षा माणसालाच माइकसमोर आणा म्हणून?"

"विचारलं होतं. प्रमुखांना म्हटलं, तीन दिवसांचं काम आहे, त्यांनाच दहा मिनिटं आणा, सोपं पडेल."

"मग?"

"ते म्हणाले, तो आता बोलायचा नाही."

"तुम्ही काय समजलात?"

"की ऐकत नसतील. हट्टी असतील."

तमाराने मान हलवली. मग तिने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात त्यावर पालथे ठेवले.

"वडिलांना मे महिन्यात नेलं," ती म्हणाली. "त्यानंतर आमच्याकडे एकच गोष्ट आहे, नऊ ऑक्टोबर. त्या दिवशी ते बोलले. म्हणजे त्या दिवशी होते. आमच्याकडे सगळे म्हणतात, जे सहकार्य करतात त्यांना ठेवतात. लांब कुठेतरी ठेवतात, पण ठेवतात. आई त्यांना शिव्या देते. माझ्या भावाला खाल्लं म्हणते. आणि वर्षातून दोनदा पार्सल पाठवते. लोकरी बनियन, साबण, वाचायचा चष्मा. तिकडे आतेबहीण मंत्रालयाच्या खिडकीवर नेऊन देते. ते घेतात. शिक्का मारून पावती देतात. एकसष्ट पावत्या आहेत. तिने त्या फाइलला लावल्या आहेत."

बळवंतरावांनी पेन्सिल ट्रेच्या कडेला समांतर ठेवली.

"वेबसाइटवर ते आल्यापासून तिने अन्न सोडल्यासारखं केलंय. तुम्हाला वाटलं मी काय ऐकायला आले?"

"मला वाटलं, वडिलांचं नाव..."

"नाव ठीकच होतं आमचं. आम्हाला सवय झाली होती." तिने टेबलावर सरकवून ठेवलेला चहा उचलला आणि थंडगार झालेला तसाच पिऊन टाकला. "लिहून द्या मला. रेकॉर्डिंग सलग आहे. एकाच बैठकीत झालेलं आहे. तुम्ही त्या केंद्रात होतात, त्यामुळे तुम्हाला माहीत आहे."

"मी आत्ताच म्हटलं, मी लिहून देणार नाही."

"ते खरं लिहून देणार नाही म्हणालात," तमारा म्हणाली.

देवयानी तेवढ्यात जिन्यावरून डोकावली. कानात इअरफोन, हातात कॉफीचा मग. "सॉरी हं, मीटिंग संपतच नव्हती. बाबा, झालं का? तुम्ही हेल्प करू शकलात ना?"

"एक पत्र द्यायचंय," बळवंतराव म्हणाले.

"मग लेटरहेड वापरा ना. मी एवढं छान डिझाइन करून ठेवलंय, एकदाही वापरलं नाहीत तुम्ही." ती खाली आली, कपाट उघडून तिने कागद काढून दिला आणि तमाराला इंग्रजीत म्हणाली, "ही इज सो मॉडेस्ट, यू नो. यांना स्वतःचं काही सांगायलाच नको असतं."

"इट वॉज व्हेरी डिटेल्ड," तमारा म्हणाली.

देवयानी खूश होऊन पुढच्या कॉलसाठी वर गेली. बळवंतरावांनी पेन काढलं. तमारा सांगत गेली, ते लिहीत गेले. एका ठिकाणी त्यांनी तिचा शब्द बदलून जास्त नेमका शब्द सुचवला आणि तिने तो मान्य केला. 'अखंड' च्या जागी 'कुठेही हस्तक्षेप न केलेलं'. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं होतं.

दोघं वर गेले तेव्हा म्हातारी बाकावर तशीच बसली होती, तपकिरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. शेजारी प्रभाताई उभ्या होत्या. तमाराने आईसमोर गुडघे टेकले आणि पत्र त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं. सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. म्हातारीने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कागद स्वतःच्या हातात घेतला, लेटरहेडवरच्या मायक्रोफोनच्या चित्रावरून अंगठा फिरवला, सहीवरून फिरवला.

"म्हणजे माझ्या भावाचं नाव त्यानेच घेतलं," ती म्हणाली.

"हो, आई."

"हरामखोर," म्हातारी म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता. "जिवंत आहे हरामखोर."

प्रभाताईंनी बळवंतरावांकडे पाहिलं आणि हळूच सुस्कारा सोडला. "झालं ना एकदाचं," त्या मराठीत पुटपुटल्या. "मी म्हणत नव्हते?"

तमारा उठली. "मी काचेवरचा बर्फ काढते, तोवर तू बूट घाल," असं आईला म्हणून ती बाहेर गेली. दार लागलं. थोड्या वेळाने खरवडण्याचा आवाज येऊ लागला.

म्हातारीने एक बूट घातला आणि थांबली. बळवंतरावांकडे मान वर करून बघितलं.

"तुमच्या बायकोला आमची भाषा येते. तुम्हालाही येत असेल."

"येते."

"मी ते कधी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत. तुमचं कामच ते." ती शब्द शोधत होती. "आवाजावरून कळत असेल ना तुम्हाला? तेव्हा कसा होता तो? मारलं-बिरलं होतं का? तब्येत कशी होती?"

बळवंतरावांना नुसतं 'बरी होती' म्हणता आलं असतं. पण प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता आणि उत्तर त्यांना नेमकं माहीत होतं. कानात अजून तो आवाज होता, गोल, मोकळा, कुठेही न अडणारा.

"उत्तम होती," ते तिच्या भाषेत म्हणाले. "थकवा नाही, कंप नाही. आवाज एकदम साफ. साधी सर्दीसुद्धा नव्हती."

म्हातारीचा हात बुटाच्या नाडीवर राहिला.

"सर्दी नव्हती?"

"नाही."

"ऑक्टोबरात?"

बळवंतरावांना ती खोकी आठवली. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेचाळीसपैकी चार रिळं बाजूला काढून ठेवली होती. खोक्यांवर पेन्सिलीने 'नाक' असं लिहिलं होतं, जुळणार नाहीत म्हणून. चारही रिळं आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली होती.

"ऑक्टोबर लागला की त्याचं नाक बंद व्हायचं," म्हातारी म्हणाली. ती त्यांच्याशी बोलत होती की बुटाशी, ते कळत नव्हतं. "बर्फ पडेपर्यंत. दर वर्षी. तसाच जाऊन गोष्ट सांगायचा. मुलं हसायची. लोक केंद्रावर मधाच्या बाटल्या पाठवायचे. आमच्या स्वयंपाकघरात ठेवायला जागा उरायची नाही." ती थांबली. "सगळ्या देशाला माहीत होतं."

प्रभाताई बळवंतरावांकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

म्हातारीने नाडी बांधली. दुसरा बूट घेतला, त्यात पाय घातला, त्याचीही नाडी बांधली. पत्राची घडी केली, पुन्हा एकदा केली, आणि ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दार उघडून तमारा आत आली. गार हवेचा झोत तिच्याबरोबर आला. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बळवंतरावांकडे.

"काय झालं? काय म्हणताहेत?"

"काही नाही," म्हातारी म्हणाली आणि उठण्यासाठी मुलीकडे हात पुढे केला. "तुझ्या बापाची तब्येत चांगली होती म्हणताहेत."